भूजल आणि उष्णतेचा प्रवास

पौष महिन्यातील पहाटे विहिरीतून वर आलेल्या पोहऱ्यातील पाण्यावर वाफ तरळताना दिसते. तेच पाणी वैशाखातील दुपारी हाताला गारेगार लागते. विहीर हिवाळ्यात पाणी तापवते आणि उन्हाळ्यात ते थंड करते, अशी समजूत त्यामुळे अनेक ठिकाणी रूढ झाली आहे. वास्तविक दोन्ही वेळी पाण्याचे तापमान जवळपास एकच असते. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत ते सुमारे २५ ते २८ अंश सेल्सिअस भरते. बदलते ती भोवतालची हवा. पहाटे ती १० अंशांवर उतरते आणि वैशाखात ४० अंशांपलीकडे जाते. हात तापमान मोजत नाही. तो केवळ तुलना करतो.

विहिरीचे पाणी असे स्थिर का राहते, कोकणातील झरे बारमाही ऊन का असतात, उन्हाळ्याच्या अखेरीस धरणातील तळच्या पाण्याला वास का येतो आणि पहिल्या पावसानंतर एखाद्या तळ्यातील मासे अकस्मात का मरतात, हे प्रश्न वरवर वेगवेगळे दिसतात. परंतु या सर्वांच्या मुळाशी एकच विषय आहे, तो म्हणजे पाण्यातून होणारा उष्णतेचा प्रवास. गावाच्या पिण्याच्या पाण्याची सुरक्षितता, नव्या विंधण विहिरीचा निर्णय आणि जलाशयातील मत्स्यव्यवसाय यांच्याशी या विषयाचा प्रत्यक्ष संबंध आहे. यास्तव ग्रामपंचायतींचे सदस्य, शिक्षक व अधिकारी यांनी त्याची मूलतत्त्वे जाणून घेणे अगत्याचे आहे.

वहन आणि वाहतूक

उष्णता एका ठिकाणाहून दुसरीकडे मुख्यतः तीन मार्गांनी जाते. तापलेल्या कणाने शेजारच्या कणाला उष्णता द्यावी आणि स्वतः जागेवरच राहावे, हे वहन होय. तापलेला पदार्थच हलावा आणि त्याने आपली उष्णता सोबत न्यावी, हे अभिसरण होय. सूर्याची उष्णता ज्या मार्गाने पृथ्वीवर पोहोचते, ते प्रारण होय. जमिनीच्या पोटात प्रारणाला फारसा वाव नसतो. तेथे वहन आणि वाहत्या पाण्याबरोबर होणारी वाहतूक या दोहोंचेच राज्य चालते.

या बाबतीत पाण्याचा स्वभाव मोठा विलक्षण आहे. स्थिर पाणी हे उष्णतेचे मंद वाहक आहे. महाराष्ट्राच्या सुमारे चार-पंचमांश भूभागावर पसरलेला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, स्थिर पाण्याच्या जवळजवळ तिप्पट सुलभतेने उष्णता वाहून नेतो. मात्र उष्णता साठवून ठेवण्यात पाण्याची बरोबरी करणारे पदार्थ निसर्गात फार थोडे आहेत. एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एका अंशाने वाढविण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढ्याच उष्णतेत सुमारे पाच किलोग्रॅम खडक एका अंशाने तापतो. थोडक्यात, उष्णता पुढच्याच्या हाती देण्यात पाणी मंद आहे. परंतु स्वतः चालू लागले की ते उष्णतेचा मोठा भार वाहून नेते. भूजलाच्या तापमानाविषयीचे बहुतेक सर्व विवेचन या एका वैशिष्ट्यावर उभे आहे.

या दोन्ही क्रियांचे शास्त्र एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये घडले. जोसेफ फूरिए या गणितज्ञाने १८२२ मध्ये उष्णतावहनाचा सिद्धांत प्रसिद्ध केला. दीझाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम पाहणारे अभियंते आँरी डार्सी यांनी वाळूच्या थरातून पाणी किती वेगाने झिरपते, याचा नियम १८५६ मध्ये मांडला. फूरिएचा नियम खडकातील उष्णतेला लागू पडतो, तर डार्सींचा नियम त्याच खडकातील पाण्याला. दोहोंची सांगड घातली की जमिनीखालील तापमानाचा उलगडा होतो.

जमिनीत शिरणारी ऋतूंची लाट

दिवसा ऊन पडते तेव्हा भूपृष्ठ तापते आणि ही उष्णता वहनाने खाली उतरू लागते. रात्री पृष्ठभाग निवतो आणि थंडीही त्याच वाटेने खाली सरकते. अशा प्रकारे उष्णतेची एक लाट जमिनीत शिरते. परंतु प्रत्येक थरागणिक ती क्षीण होत जाते. दिवस-रात्रीची लाट अर्धा ते एक मीटर खोलीवर जवळजवळ विरून जाते. वर्षाची लाट, म्हणजे उन्हाळा व हिवाळा यांतील फरक, त्याहून पुष्कळ खोल जाते. सर्वसाधारण ओलसर जमिनीत दर अडीच मीटरमागे या लाटेचा जोर जेमतेम एक-तृतीयांशाच्या आसपास उरतो आणि दहा ते पंधरा मीटर खोलीपलीकडे ऋतुमान जवळपास जाणवेनासे होते. तेथे वर्षभर जे तापमान असते ते त्या परिसरातील हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास, किंचित अधिकच, असते.

लाट क्षीण होते, तद्वतच तिला विलंबही होतो. दर अडीच मीटर उतरण्यास तिला सुमारे दोन महिने लागतात. साहजिकच सात-आठ मीटर खोलीवर तिला निम्म्या वर्षाचा उशीर होतो. वरील जमीन वैशाखात सर्वाधिक तापलेली असते. परंतु त्या उन्हाचा अखेरचा अंश या खोलीवर पोहोचतो तो कार्तिक-मार्गशीर्षात. म्हणजेच वर थंडी पडू लागते तेव्हा तेथील माती वर्षातील आपल्या सर्वाधिक तापमानावर असते. तेथे हा फरक अर्ध्या-पाव अंशाचाच उरलेला असतो, हे खरे. तथापि, विहिरीचे पाणी हिवाळ्यात ऊन लागते, या लोकानुभवाला शास्त्राचाही थोडासा आधार आहे, असे म्हणता येईल.

खोल जागी तापमान स्थिर असते, हे फार पूर्वी पडताळून पाहण्यात आले आहे. पॅरिसच्या वेधशाळेखाली सुमारे २८ मीटर खोल तळघरे आहेत. तेथे प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिए यांनी १७८३ मध्ये एक संवेदनशील तापमापक बसविला. वर हिवाळ्यात बर्फ पडो वा उन्हाळा तापो, तळघरातील पारा १२ अंशांच्या किंचित खाली स्थिर असल्याचे आढळून आले. आपल्याकडील बारव आणि पायविहिरी बांधणाऱ्यांना गणित अवगत नसेल. परंतु खोल दगडी पायऱ्यांच्या तळाशी उन्हाळ्यातही गारवा टिकतो, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

खाली उतरावे तसे तापमान वाढते

ऋतूंचा प्रभाव संपतो त्याखाली पृथ्वीच्या अंतर्भागातील उष्णतेचा अंमल सुरू होतो. भूखंडांवर सर्वसाधारणपणे दर किलोमीटर खोलीमागे तापमान २५ ते ३० अंशांनी वाढते. या हिशेबाने ६० मीटर खोल विंधण विहिरीतील पाणी वरच्या भूजलापेक्षा दीड-दोन अंशांनीच अधिक ऊन असावयास हवे आणि २०० मीटर खोलीवरील पाणी पाच-सहा अंशांनी. एखाद्या उथळ विंधण विहिरीचे पाणी याहून पुष्कळ अधिक ऊन असेल, तर ते पाणी त्या खोलीवरचे नसून बरेच खालून वर येत आहे, असे अनुमान काढता येते.

तापमानाची ही वाढ सर्वत्र सारखी नसते आणि यास मुख्यतः भूजलाचे वाहणे कारणीभूत असते. जेथे पावसाचे पाणी खाली मुरते, तेथे ते वरचा गारवा खोलवर नेते. जेथे खोल पाणी वर चढते, तेथे ते उष्णता वर आणते. यासाठी पाण्याचा ओघ मोठा असावा लागत नाही. एक किलोमीटर जाडीच्या खडकात वर्षाकाठी अवघा एक-दोन सेंटिमीटर एवढा उभा ओघ असला, तरी वाहतुकीने जाणारी उष्णता वहनाने जाणाऱ्या उष्णतेच्या बरोबरीची होते. याच कारणास्तव भूवैज्ञानिक खोल विहिरींत तापमापक उतरवून निरनिराळ्या खोलींवरील तापमानाचा आलेख काढतात आणि त्या आलेखाच्या वक्रतेवरून पाणी वर जाते की खाली, याचा अंदाज बांधतात. १९६० च्या दशकात विकसित झालेली ही पद्धत सांप्रत जगभर वापरली जाते. उष्णता ही पाण्यात न मिसळावा लागणारा रंगच होय.

तापमानाचा आणखी एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. गरम पाणी अधिक प्रवाही असते. २० अंशांच्या पाण्यापेक्षा ३० अंशांचे पाणी त्याच मातीतून सुमारे एक-चतुर्थांशाने अधिक वेगाने झिरपते. पाझर तलाव, नाला बांध किंवा नदीपात्र यांतून मुरणाऱ्या पाण्याचे माप घेताना पाण्याच्या तापमानाची नोंद करणे त्यामुळे आवश्यक ठरते.

कोकणातील ऊन झरे

मराठीत 'ऊन' हा शब्द सूर्याच्या प्रकाशासाठी जसा योजला जातो, तसा तो गरम पाण्यासाठीही. उन्हवरे, उन्हाळे, उनपदेव, उनकेश्वर ही स्थळनामे त्याचीच साक्ष देतात. महाराष्ट्रातील बहुसंख्य उष्ण झरे कोकणपट्टीत आहेत. पालघर जिल्ह्यातील कोकनेर व सातिवली, तानसा नदीकाठची वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी, महाडजवळील सव, दापोली-खेड परिसरातील उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यातील आरवली, तुरळ व राजवाडी आणि राजापूरजवळील उन्हाळे अशी ही मालिका सह्याद्रीला जवळपास समांतर, सुमारे साडेतीनशे किलोमीटर पसरली आहे. यांतील काही झरे जेमतेम कोमट आहेत, तर उन्हवऱ्याच्या झऱ्याचे तापमान ७० अंशांच्या आसपास आहे. कोकणाबाहेर जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव व सुनपदेव आणि नांदेड जिल्ह्यात उनकेश्वर येथेही असे झरे आढळतात.

या झऱ्यांविषयी दोन गैरसमज प्रचलित आहेत. झऱ्याखाली गंधक पेटलेले असते, हा पहिला. आणि येथे सुप्त ज्वालामुखी आहे, हा दुसरा. दोन्ही निराधार आहेत. दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या रूपाने बाहेर पडला, हे खरे. परंतु त्या रसाची उष्णता केव्हाच विरून गेली आहे. झऱ्यातील पाणी हे प्रामुख्याने पावसाचेच पाणी आहे. घाटमाथ्यावर आणि कोकणात पडणाऱ्या विपुल पावसाचा अल्पसा भाग खडकातील उभ्या भेगांतून खोल उतरतो, तेथील तप्त खडकाच्या सान्निध्यात दीर्घकाळ राहून तापतो आणि एखादी मोकळी भेग मिळताच वर चढतो. वर चढण्याची गती पुरेशी असल्याने वाटेत त्याची उष्णता पूर्णपणे नष्ट होत नाही. हे झरे ओळीने का आहेत, याचेही उत्तर यातच आहे: खडकातील भेगांच्या रेषा ज्या दिशेने धावतात, त्याच दिशेने झरेही ओळीने प्रकट होतात.

पाणी किती खोल जात असावे, याचा स्थूल हिशेब शाळेतील विद्यार्थ्यांनाही करता येईल. झऱ्याचे तापमान ६० अंश आणि साध्या भूजलाचे २७ अंश धरल्यास फरक ३३ अंशांचा होतो. दर किलोमीटरला ३० अंश हे प्रमाण घेतले, तर पाणी निदान एक किलोमीटरहून खोल गेले असले पाहिजे. पश्चिम किनारपट्टीवर हे प्रमाण सरासरीहून अधिक असल्याचे आढळले असल्याने खोली थोडी कमी धरता येईल. परंतु वर येताना पाणी काहीसे निवते, हे ध्यानी घेतले म्हणजे ती पुन्हा वाढवावी लागते.

अशा एका झऱ्याने वर आणलेल्या उष्णतेचे परिमाण थक्क करणारे आहे. ६० अंशांचे पाणी सेकंदाला एक लिटर या प्रमाणात बाहेर पडत असेल आणि ते २७ अंशांपर्यंत निवत असेल, तर त्यातून सुमारे १३८ किलोवॅट इतकी उष्णता अखंड बाहेर पडते. भूखंडावरील जमिनीतून वहनाने वर येणारी उष्णता दर चौरस मीटरला सुमारे ०.०६५ वॅट एवढीच असते. म्हणजे दोन चौरस किलोमीटर भूमी वहनाने जेवढी उष्णता बाहेर टाकते, तेवढी उष्णता एक लहानसा झरा एकटाच वाहून आणतो. वाहत्या पाण्याचे सामर्थ्य यावरून स्पष्ट व्हावे.

या झऱ्यांचा शास्त्रीय अभ्यास जुना आहे. भारतातील उष्ण झऱ्यांची टॉमस ओल्डहॅम यांनी तयार केलेली यादी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १८८२ मध्ये प्रसिद्ध केली. याच संस्थेने १९९१ मध्ये देशाचा भूऔष्णिक नकाशासंग्रह प्रकाशित केला आणि त्यात पश्चिम किनारपट्टीचा समावेश आहे. वीजनिर्मितीच्या दृष्टीने लडाखमधील पुगा खोऱ्याकडे देशात अधिक लक्ष दिले जाते. २०२१ मध्ये तेथे प्रकल्प उभारणीसाठी करार झाला. कोकणातील पाण्याचे तापमान त्या तुलनेने मध्यम असले, तरी फळे व मासळी वाळविणे यांसारख्या कामी अशी उष्णता थेट वापरता येते. भातशेती, आंबा, काजू व मासळी यांच्या प्रदेशात हा विचार अप्रस्तुत ठरू नये.

झरा राखण्याचा प्रश्न

ऊन झरा ही खोल भेगांमधील दाबाच्या नाजूक समतोलावर चालणारी व्यवस्था आहे. झऱ्यालगत खोल विंधण विहीर घेतल्यास तीच भेग दुसरीकडे फुटू शकते. दाब घटून झऱ्याचा प्रवाह मंदावू शकतो किंवा वरचे थंड पाणी त्यात शिरून झरा कोमट होऊ शकतो. बिघडलेला समतोल पूर्ववत करण्याचा खात्रीचा उपाय उपलब्ध नाही. तीर्थक्षेत्र, पर्यटन आणि त्यांवर अवलंबून असलेले गावाचे उत्पन्न या सर्वांचा आधार एका भेगेवर असतो, याची जाणीव परवानगी देणाऱ्यांनी ठेवावयास हवी. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ अन्वये ६० मीटर व त्याहून खोल विहिरींवर कृषी व औद्योगिक वापराच्या बाबतीत निर्बंध आहेत. ऊन झऱ्यांच्या परिसरात त्या तरतुदींचे महत्त्व विशेष आहे.

दुसरी बाब आरोग्याची. गरम पाणी खडकातील क्षार अधिक प्रमाणात विरघळविते. कोकणातील अनेक ऊन झऱ्यांचे पाणी क्लोराइडयुक्त व खारट असते आणि अशा पाण्यात फ्लोराइडचे प्रमाणही मर्यादेहून अधिक असू शकते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि अन्य स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्यामुळे रासायनिक तपासणी झाल्याखेरीज असे पाणी पिण्यासाठी योजू नये. नव्या विंधण विहिरीचे पाणी अनपेक्षितपणे ऊन लागल्यास हीच दक्षता घ्यावी. तसेच, ऊन गोड्या पाण्यात वाढणारा एक अमीबा नाकावाटे शरीरात शिरल्यास क्वचित प्रसंगी मेंदूचा प्राणघातक विकार होतो. यास्तव कुंडात स्नान करताना डोके बुडविणे टाळावे आणि कुंडातील पाणी वाहते राहील, याची व्यवस्था ठेवावी.

जलाशयातील थर

तलाव व धरणे यांत उष्णतेचा व्यवहार वेगळ्या प्रकारे चालतो. येथे सूर्य वरून तापवितो. तापलेले पाणी हलके असल्याने ते वरच राहते आणि थंड पाणी तळाशी बसते. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असते, हे शालेय पुस्तकातून सर्वांना परिचित आहे. तथापि, आपल्या हवामानात त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ऊन पाण्यात एका अंशाचा फरक घनतेवर फार मोठा परिणाम करतो. ४ व ५ अंशांच्या पाण्यातील घनतेचा जो फरक, त्याच्या सुमारे तीसपट फरक २४ व २५ अंशांच्या पाण्यात असतो. म्हणून आपल्याकडील खोल जलाशयात वर-खाली केवळ तीन-चार अंशांचा फरक पडला, तरी दोन थर तेल-पाण्यासारखे अलग राहू शकतात.

फाल्गुनापासून हे थर पक्के होऊ लागतात. वरच्या थराला हवेतून प्राणवायू मिळतो. तळाच्या थराला तो मिळत नाही. तळाशी कुजणारा पालापाचोळा तेथील प्राणवायू संपवितो, गाळातील लोह व मँगनीज पाण्यात विरघळू लागतात आणि उग्र वासाचे वायू साचतात. उन्हाळ्याच्या अखेरीस नळाच्या पाण्याला काळपट छटा किंवा वास येतो, त्याचे एक कारण हेच असते. ज्या जॅकवेलला निरनिराळ्या उंचींवर झडपा असतात, तेथे चांगल्या थरातील पाणी निवडून घेता येते. झडपा कोणत्या पातळीवर उघडाव्यात, याचा निर्णय सवयीने न घेता थरांचे तापमान मोजून घेतल्यास शुद्धीकरणाचा खर्च वाचू शकतो.

पहिला जोरदार पाऊस, वादळी वारा किंवा हिवाळ्यातील कडक थंडी यांमुळे वरचा थर एकाएकी निवतो आणि जड होऊन खाली जातो. तळचे प्राणवायुहीन पाणी वर येते आणि काही तासांत मासे मरू लागतात. अशा वेळी विषप्रयोगाचा संशय घेतला जातो आणि गावात वितुष्ट निर्माण होते. खरे कारण अनेकदा पाण्याच्या या उलथापालथीत सापडते. मत्स्यव्यावसायिक संस्थांनी या काळात प्राणवायू मोजत राहणे आणि मासळीची दाटी कमी करणे हितावह ठरते.

बाष्पीभवन, नदी आणि समुद्र

जलाशयाला मिळालेल्या उष्णतेचा मोठा भाग बाष्पीभवनात खर्च होतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. माठातील पाणी गार होते, ते याच कारणाने. दहा लिटर पाणी सहा अंशांनी निवण्यास जेमतेम शंभर ग्रॅम पाणी उडून जावे लागते. हीच क्रिया जलाशयावर चालते तेव्हा मात्र ती नुकसानीची ठरते. दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडाले, तर दर हेक्टरी ५० हजार लिटर पाणी नाहीसे होते. हे नुकसान पाण्याच्या पसाऱ्यावर अवलंबून असल्याने उथळ व विस्तीर्ण तळ्यापेक्षा खोल व आटोपशीर शेततळे आणि त्याहूनही जमिनीत मुरविलेले पाणी अधिक सुरक्षित राहते. पाणी मुरविण्याच्या योजनांमागील उष्णताशास्त्रीय आधार हाच आहे.

नदीचे पाणी उन्हाळ्यात तापते तेव्हा त्यातील विरघळलेला प्राणवायू घटतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू सामावू शकतो, तर ३० अंशांना साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास. अशा काळात पात्रातील डोह आणि काठावरील झाडांची सावली जलचरांना आश्रय देतात. पात्राच्या तळातून झिरपणारे गार भूजल हाच अनेक डोहांचा आधार असतो. भोवतालच्या विहिरींतून अतिउपसा झाला की हा झिरपा तुटतो. डोह प्रथम तापतो आणि नंतर आटतो. कारखान्यांतून सोडल्या जाणाऱ्या पाण्याबाबत, ते ज्या प्रवाहात मिसळते त्याच्या तापमानापेक्षा ५ अंशांहून अधिक ऊन नसावे, असे सर्वसाधारण मानक पर्यावरण नियमांत आहे, ते याच हेतूने.

समुद्र हा या व्यवहारातील सर्वांत मोठा साठेदार. समुद्राचा वरचा सुमारे तीन मीटरचा थर संपूर्ण वातावरणाइतकी उष्णता साठवू शकतो आणि मानवी व्यवहारांमुळे पृथ्वीवर साठत असलेल्या अतिरिक्त उष्णतेपैकी ९० टक्क्यांच्या आसपास उष्णता समुद्रानेच सामावून घेतली आहे. अरबी समुद्र वैशाखात तापतो. मोसमी वारे सुरू झाल्यावर बाष्पीभवन व पाण्याची घुसळण यांमुळे त्याचा पृष्ठभाग निवतो आणि ते बाष्प सह्याद्रीवर पाऊस होऊन उतरते. तापलेला समुद्र चक्रीवादळांनाही बळ देतो. ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर आदळलेले 'निसर्ग' चक्रीवादळ कोकणवासीयांच्या स्मरणात आहे.

गावपातळीवर करावयाचे काम

या विषयाचा सर्वांत उपयुक्त भाग असा की, त्याचे निरीक्षण अल्प खर्चात होते. शाळेतील साधा तापमापक त्यास पुरेसा आहे. तोंडाला दोरी बांधलेली जाड बाटली विहिरीत पाण्याखाली दोन-तीन मीटर सोडावी, ती भरू द्यावी व सुमारे दहा मिनिटे तेथेच ठेवावी. वर काढताच सावलीत, पारा पाण्याबाहेर न काढता, तापमान वाचावे. विंधण विहिरीच्या बाबतीत हातपंप काही वेळ चालवून नंतर बादलीत येणारे पाणी मोजावे. तारीख, वेळ, पाण्याची पातळी, हवेचे तापमान आणि पाण्याचे तापमान अशी पाच रकान्यांची नोंदवही ठेवावी. पंधरवड्यातून एकदा नोंद पुरेशी आहे. पावसाळ्यात मात्र आठवड्यास घ्यावी.

या नोंदींतून बरेच काही कळते. वर्षभर पाण्याचे तापमान अर्ध्या-एक अंशाच्या आत स्थिर राहिले, तर पाणी दीर्घकाळ जमिनीत मुरून, गाळले जाऊन येत आहे, असे समजण्यास हरकत नाही. याउलट, जोरदार पावसानंतर एक-दोन दिवसांत तापमान अचानक दोन-तीन अंशांनी बदलले, तर भूपृष्ठावरील पाणी भेगांतून किंवा विहिरीच्या फुटक्या बांधणीतून थेट आत शिरत आहे, असा त्याचा अर्थ होतो. जेथे पावसाचे पाणी शिरते, तेथे उकिरड्याचे आणि शौचखड्ड्यांचे पाणीही शिरू शकते. बेसाल्टच्या भेगाळ खडकात हा धोका विशेष असतो, कारण मुरूम किंवा मांजऱ्या खडकातून पाणी जसे गाळले जाते, तसे ते मोकळ्या भेगेतून गाळले जात नाही. तापमानातील असा बदल दिसताच जलसुरक्षकाने क्लोरीनची मात्रा तपासावी, पाण्याचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा आणि ग्रामपंचायतीने विहिरीचा कठडा, ओटा व भोवतालचा निचरा दुरुस्त करून घ्यावा. जुलाब-काविळीची साथ येण्यापूर्वीच सावध करणारी ही खूण आहे आणि तिच्यासाठी केवळ एक तापमापक पुरतो. अर्थात, तापमान स्थिर आहे म्हणून जैविक वा रासायनिक तपासणी टाळणे योग्य होणार नाही. तापमान हे तपासणीस पूरक आहे, तिला पर्याय नव्हे.

शिक्षकांनी अशी नोंदवही विद्यार्थ्यांकरवी ठेवून घेतल्यास विज्ञान व भूगोल या दोन्ही विषयांना प्रत्यक्षाची जोड मिळेल. हवेचा आणि विहिरीच्या पाण्याचा आलेख एकाच कागदावर काढला की पहिली रेघ डोंगर-दऱ्यांसारखी चढते-उतरते आणि दुसरी जवळजवळ सपाट धावते. या दोन रेघांमधील फरक म्हणजे जमिनीने गावाला दिलेले संरक्षण होय. दुसरी रेघ एखाद्या पावसाळ्यात एकाएकी वाकली, तर ते संरक्षण कोठेतरी तुटले आहे, हे ग्रामसभेला दाखविण्यास वेगळ्या पुराव्याची गरज भासणार नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडे अशा नोंदी पाठविल्यास निरीक्षण विहिरींच्या माहितीशी त्या ताडून पाहता येतील. तीन-चार वर्षांची सलग नोंद हाती असलेले गाव नवी विंधण विहीर कोठे घ्यावी, कोणता झरा राखावा आणि कोणती विहीर पिण्यासाठी ठेवावी, हे प्रश्न ऐकीव माहितीवर न सोपविता स्वतःच्या आकड्यांवर सोडवू शकेल.